दोन सेकंदांची घाई

अण्णांना घरात कोणी ‘गप्प बसा’ म्हटलं नव्हतं. तसं म्हणणारी माणसं ती नव्हेत. शिकलेली, सभ्य, जिन्यात भेटलं की शेजाऱ्यांची आवर्जून चौकशी करणारी. एका सुट्टीच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर मुलाने टेबलावर सांडलेलं पाणी पुसलं, एकदा बायकोकडे पाहिलं आणि घसा साफ करून तो म्हणाला, “अण्णा, राग मानू नका, पण खारूसमोर जरा कमी बोलत चला. काही महिन्यांचाच प्रश्न आहे.”

अण्णांनी मान हलवली. हो म्हणायचं होतं, पण त्या एका शब्दालाही वेळ लागला असता आणि मुलाला ऑफिसचा फोन येत होता.

अडखळणं अण्णांच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथेच ठाण मांडून बसायचं. ते सरकेपर्यंत समोरचा माणूस घड्याळ बघायचा, हसायचा, नाहीतर स्वतःच वाक्य पुरं करून मोकळा व्हायचा. तरुणपणी त्यांना आपल्या बस-थांब्याचं नाव उच्चारता येत नसे, म्हणून ते पुढच्या थांब्याचं तिकीट मागत आणि तेवढं अंतर मागे चालत येत. वजनकाटे दुरुस्त करायचा धंदा त्यांनी धरला तोही यामुळेच. काटा बिघडला तरी प्रश्न विचारत नाही. एकेचाळीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे काटे खोलले, पुसले, जुळवले आणि फारसं न बोलता संसार केला.

त्यांच्याशी धीराने बोलणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको. अण्णा अडखळले की ती हातातलं काम करत राहायची आणि वाट पाहायची. त्यांचा शब्द तिने कधी आपल्या तोंडाने पुरा केला नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

आता गोष्ट खारूची. खारू ही अण्णांची नात, वय वर्षं पाच. बटणं, पेन्सिलींची टोकं, बाटल्यांची झाकणं, जे सापडेल ते खिशात साठवायची, म्हणून हे नाव पडलं. सहा महिन्यांपूर्वी ती एकाएकी अडखळायला लागली. “आई, पा-पा-पा-पाणी.” सून घाबरली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना तिने हे सांगितलं, तर त्या लगेच म्हणाल्या, “घरात कुणी तसं बोलतं का? मग काय विचारता! मुलं उचलतात हो.” बाईंनी बोलून टाकलं आणि त्या भाजी निवडायला निघून गेल्या, सुनेच्या डोक्यात मात्र ते घर करून बसलं. सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कोणता रोग कशाने लागतो याची भीती तिच्या रोजच्या कामातलीच होती.

असे अण्णा आपल्याच घरात कुपथ्याचे झाले.

सुरुवातीला त्यांना हे फार जड गेलं नाही. मूग गिळून बसायची सवय जुनी. पण आधी निदान खारू होती. ती त्यांच्या खोलीत यायची, खिशातला ऐवज पलंगावर ओतायची आणि दोघं एकेका बटणावर चर्चा करत बसायची. दोघंही अडखळायची, कुणालाच कसली घाई नसायची. आता ती आली की अण्णा नुसते हसत. ती विचारी, “आजोबा, हे क-क-कुठल्या शर्टाचं?” अण्णा खांदे उडवत. चार दिवस तिने वाट पाहिली, मग ती यायची थांबली.

त्यानंतरचे दिवस फार लांब होते. मुलगा आणि सून सकाळी बाहेर पडत, खारू शाळेत जाई आणि घरात फ्रीजची घरघर उरे. एकदा दुपारी कुठल्याशा कंपनीच्या बाईचा फोन आला, विमा हवा आहे का म्हणून. अण्णांना विमा नको होता. पण कुणीतरी आपल्याला काही विचारलं याचंच त्यांना एवढं बरं वाटलं की ते नीट उत्तर द्यायला लागले. “अ-अ-अहो ताई, मा-मा-माझं वय…” तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. अण्णांनी वाक्य तरीही पुरं केलं, बंद फोनमध्ये. त्या दिवशी ते तेवढंच बोलले.

महिनाभराने खारूच्या शाळेतून एक खोकं आलं. शाळेत मुलांच्या बोलण्याकडे लक्ष देणाऱ्या एक शिक्षिका होत्या. मुलं त्यांना बोलाताई म्हणत. त्यांनी सहा आठवड्यांसाठी एक बोलका रोबो घरी दिला होता. कुकरएवढा, पांढरा, वाटोळ्या डोळ्यांचा, पोटावर चित्रं दाखवायची काच. तो गोष्ट सांगायचा, मग गोष्टीवर प्रश्न विचारायचा. ऐकत असला की त्याचे डोळे हिरवे व्हायचे. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. खारूने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, डबूराव.

सोबत एक सूचनांचा कागद होता. मुलाने तो खणात टाकला. यंत्राचं त्याला काही नवल नव्हतं. फोनवरून गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या तरुण मुलामुलींना बोलायला शिकवायचं, ही त्याची नोकरी. त्यांच्या ऑफिसात संभाषणात दोन सेकंदांच्या वर शांतता गेली, की पडद्यावर लाल खूण उमटे आणि त्या मुलाला बोलावून समज दिली जाई. मुलाने मोबाईलवर रोबोच्या आतल्या सेटिंग्ज उघडून पाहिल्या. ‘उत्तराची वाट पाहण्याचा वेळ’ या ओळीपुढे दहा सेकंद असं होतं.

“दहा?” तो हसला. “मध्ये एक डुलकी काढायची का?” आणि त्याने तिथे दोन केले.

अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. खारूचा धडा चालू असताना त्यांनी तिथेच बसायचं असं ठरलं होतं, म्हणजे चुकून तोंडातून काही जायला नको. काचेच्या दारातून त्यांना सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं.

पहिले काही दिवस खारू खूश होती. डबूराव कंटाळत नव्हता, रागावत नव्हता. तीच गोष्ट सात वेळा सांग म्हटलं तरी सांगायचा. “हा कोणता प्राणी?” असं त्याने विचारलं की खारू ओरडायची, “हत्ती!” आणि तो म्हणायचा, “शाब्बास! छान उत्तर.” पण पोटावरच्या काचेवर कासव आलं की खारू म्हणायची, “का-का-का—” तेवढ्यात दोन सेकंद संपायचे. डबूरावचे हिरवे डोळे पिवळे व्हायचे आणि तो त्याच गोड आवाजात म्हणायचा, “मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग बरं.” ती पुन्हा सुरू करायची. पुन्हा पिवळे डोळे. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “माहीत नाही.” हे मात्र सरळ, एका दमात आलं.

गॅलरीतल्या अण्णांच्या हातातला चहा तसाच राहिला. कासव तिला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात तिने शाळेच्या वहीवर कासव काढलं होतं, पाठीवर बटणं असलेलं.

पुढे ‘माहीत नाही’ वाढत गेलं. मग आलं ‘हो’. मग ‘नाही’. जेवताना आईने “आज शाळेत काय केलंस?” विचारलं तर “काही नाही”. आवडता लाल झगा हवा असेल तर ती निळ्याकडे बोट दाखवायची, कारण ‘लाल’ म्हणताना जीभ अडायची आणि निळा निमूटपणे मिळायचा. हे सगळं अण्णांच्या ओळखीचं होतं. पुढच्या थांब्याचं तिकीट मागून मागे चालत येणं हेच तर होतं! पोरगी अडखळायची थांबली नव्हती, ती बोलायचीच थांबली होती.

मुलाच्या मोबाईलवर मात्र दर आठवड्याला आलेख येत होता आणि अडखळण्याची रेघ झरझर खाली उतरत होती. मुलाने तो सुनेला दाखवला, ऑफिसात दाखवला. सुनेच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं. त्या हसण्यावर विरजण घालणं अण्णांच्या जिवावर आलं. तरी एका सकाळी त्यांनी चिठ्ठी लिहून मुलाच्या कपाखाली ठेवली: ‘तिला बोलायला वेळ मिळत नाही. ती अवघड शब्द टाळते आहे.’

मुलाने चिठ्ठी वाचली आणि त्यांच्यापुढे मोबाईल धरला. “अण्णा, हे बघा ना. ऐंशी टक्के कमी! तुम्ही उगाच काळजी करता.” मग त्याने थोरल्या बहिणीचा विषय काढला. “आणि अण्णा, ताईशी बोललोय मी. दोन-तीन महिने तुम्ही तिच्याकडे जाऊन या. तुम्हालाही हवापालट होईल. येत्या शनिवारचं तिकीट काढलंय.”

लेकीच्या घरी जायला अण्णांची ना नव्हती. पण हवापालट कुणासाठी आहे हे कळण्याइतके ते शहाणे होते. त्यांनी कपाटातून बॅग काढली. चार सदरे, दोन लेंगे, औषधं, चष्म्याचं घर. त्यांना स्वतःचं फार वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल, फार वाटलं. पण त्याहून अधिक वाटलं ते खारूचं. आपण गेलो की या घरात तिचं गप्प बसणं ओळखणारं कुणी उरणार नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत राहणार आणि ती आयुष्यभर निळे झगे घालणार.

शुक्रवारी संध्याकाळी बोलाताई घरी आल्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. रोबो दिलेल्या प्रत्येक घरी त्या मध्यंतरी एकदा डोकावत. मुलाने आलेख उघडून ठेवला होता. सुनेने चहा केला. अण्णा नेहमीप्रमाणे गॅलरीत, पण आज काचेचं दार अर्धं उघडं राहिलं होतं.

“आलेख मग पाहू,” बोलाताई म्हणाल्या. “आधी हिचा धडा ऐकू दे.”

खारू डबूरावसमोर मांडी घालून बसली. डबूरावने एका सशाची गोष्ट सांगितली. ससा जंगलात राहतो का, त्याला गाजर आवडतं का, असले दोन-चार प्रश्न झाले. खारूने ‘हो’ आणि ‘नाही’ यांवर ते निभावून नेले. मग त्याने विचारलं, “तुझ्या घरात तुला सगळ्यांत जास्त कोणाशी बोलायला आवडतं?”

खारूचे डोळे चमकले. “आ-आ-आ—”

“मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग बरं.”

“आ-आ-आ-आ—”

“मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग बरं.”

खारूने फ्रॉकची कड मुठीत धरली. मग खाली बघून ती अगदी स्वच्छ, न अडखळता म्हणाली, “कोणाशीच नाही.”

“शाब्बास!” डबूराव म्हणाला. “छान उत्तर.”

अण्णा उठले. दार सरकवून ते खोलीच्या मध्यावर येऊन उभे राहिले. 

“त-त-त-त्याला—”

“अण्णा, आत्ता नको,” मुलगा हळूच म्हणाला. “आपण नंतर बोलू.”

“त-त-त्याला थां-थां—”

“थांबवायचंय का? थांबवतो मी, तुम्ही बसा.”

“त्यांचं वाक्य त्यांना पुरं करू द्या,” बोलाताई म्हणाल्या. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि अण्णांकडे तोंड करून त्या नीट बसल्या. “बोला अण्णा. मला काही घाई नाही.”

हे वाक्य त्या खोलीत चार वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. अण्णांनी एकदा श्वास घेतला.

“त्याला थां-थांबायला शिकवा. तो ति-तिचा शब्द तोडतो. मी ए-एकेचाळीस वर्षं काटे दुरुस्त केले. काटा ह-ह-हलत असताना कुणी वजन वा-वाचत नाही. हा वाचतो. आणि आ-आ-आपण सगळे ते खरं मानतो. पोरगी सु-सुधारली नाही. ती ब-ब-बोलायला घाबरते आहे.”

एवढं बोलायला त्यांना दीडेक मिनिट लागलं असेल. तेवढ्या वेळात मुलगा दोनदा पुढे झाला, दोनदा बोलाताईंच्या हाताच्या खुणेने मागे सरला. खारू आजोबांकडे टक लावून बघत होती.

बोलाताईंनी मुलाचा मोबाईल मागून घेतला. “वाट पाहण्याचा वेळ दोन सेकंद? मी तर दहा ठेवला होता. कुणी बदलला?”

“मी,” मुलगा म्हणाला. “आमच्याकडे दोनच्या वर शांतता गेली की चूक धरतात. मला वाटलं, लवकर बोलायची सवय लागेल.”

“ते तुमचं गिऱ्हाईक हो. ही पाच वर्षांची मुलगी आहे. तिला शब्द जुळवायलाच तेवढा वेळ लागतो. आणि माझा कागद? त्याची पहिली ओळ काय होती?”

कागद खणातून निघाला. सुनेने वाचून दाखवलं. ‘मूल रोबोशी बोलत असताना घरातलं एक मोठं माणूस कायम शेजारी बसलेलं असावं.’ वाचता वाचता तिचा आवाज खाली गेला.

“कोण बसत होतं?”

सुनेने कागदाची घडी घातली.

“अण्णा बाहेर का बसतात?” बोलाताईंनी विचारलं.

उत्तर सुनेने दिलं. “ते माझ्यामुळे. मला वाटलं, त्यांचं ऐकून ऐकून हिला लागेल. खालच्या बाईही तसंच म्हणाल्या.”

बोलाताई रागावल्या नाहीत. असं म्हणणारं हे काही पहिलं घर नसावं. “अडखळणं सर्दीसारखं लागत नाही, हो,” त्या म्हणाल्या. “ते कधी कधी रक्तातून येतं, पण कानातून येत नाही. या वयात पुष्कळ मुलं अडखळतात. त्यातली बरीच आपोआप मोकळीही होतात आणि जी होत नाहीत त्यांना मदत करता येते. त्यांना नुकसान कशाने होतं? कुणी मध्येच तोडलं की, ‘नीट बोल’ म्हटलं की आणि आपल्या बोलण्याची घरात लाज वाटते असं त्यांना दिसलं की. हा डबूराव चांगला आहे. तो शंभर वेळा गोष्ट सांगेल, नवे शब्द देईल, कधी चिडणार नाही. म्हणून तर मी तो घरोघर देते. पण त्याला आपण सांगू तेवढीच कळ काढता येते. तुमच्या घरात ऐकून घेता येणारं माणूस होतं आणि तुम्ही ते गॅलरीत बसवलंत.”

मुलगा जमिनीकडे बघत होता. “लहानपणी मी अण्णांची वाक्यं पुरी करायचो,” तो म्हणाला. “दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर. मला वाटायचं, मी त्यांना मदतच करतोय. खरं तर मला लाज वाटायची. पटकन संपावं म्हणून करायचो.” तो अण्णांकडे वळला. “आत्ताही तेच केलं मी. चुकलो, अण्णा.”

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या उत्तराला शब्दांची गरज नव्हती आणि कुणी ते घाईने पुरंही केलं नाही.

बोलाताईंनी दोनचे पुन्हा दहा केले आणि अण्णांना खारूशेजारी सतरंजीवर बसवलं. गुडघे कुरकुरले, पण अण्णा बसले. डबूरावने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि त्याचे डोळे हिरवे झाले.

खारूने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे. “आ-आ-आ-आ—” डोळे हिरवेच राहिले. “आ-आजोबांशी. पण त्यांनी मा-माझ्याशी क-क-कट्टी केलीय. मी नीट बो-बोलत नाही ना, म्हणून.”

सुनेने तोंडावर पदर धरला. जवळपास दोन महिने हे ओझं त्या एवढ्याशा जिवाने एकट्याने वाहिलं होतं आणि मोठ्यांना वाटत होतं, पोरगी सुधारते आहे!

अण्णांच्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. “क-क-कट्टी नाही गं,” ते म्हणाले. मुलाकडे किंवा सुनेकडे त्यांनी बोट दाखवलं नाही. “मी घा-घाबरलो होतो.”

“क-कशाला?”

“अ-अ-अ-अडखळायला.”

खारूने जरा विचार केला. “मग अड-अडखळा की,” ती म्हणाली. “मी पण अडखळते.”

शनिवारचं तिकीट रद्द झालं. डबूराव आणखी तीन आठवडे राहिला आणि मग दुसऱ्या घरी गेला. खारू अजूनही अडखळते, कधी कमी, कधी जास्त. अण्णाही अडखळतात. आता मुलगा ऑफिसातून आला की अर्धा तास त्या दोघांजवळ सतरंजीवर बसतो. मध्ये बोलायचं नाही असा नियम बोलाताईंनी त्याला घालून दिला आहे. तो पाळताना त्याच्या नाकी नऊ येतात, पण तो पाळतो.

मंडळी, मुलांना भाषा शिकवणारी यंत्रं आपल्या घरांत येणारच आहेत. ती येऊ द्यावीत, त्यांच्याकडून मुलांनी हवे तेवढे शब्द घ्यावेत. मात्र आपण त्यांच्या पोटात आपली घाई भरून ठेवू नये आणि मूल त्यांच्या हवाली करून स्वतः उठून जाऊ नये. मूल बोलायला लागतं ते ऐकणारं माणूस असलं की. ते माणूस म्हातारं असेल, अडखळणारं असेल, आपल्याला चारचौघांत त्याची लाजही वाटत असेल. त्याला आधी आत बोलवा आणि त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या.